खाते-पिते तरी शेळी वाळत चाललीय – जंत की आणखी काही?

वाईकरीण | १२ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाईजवळ आमचं लहानसं शेतघर आहे. तिथं तीन शेरडं आहेत. धंद्यासाठी नाहीत, घरचीच आहेत. त्यातली चंद्री चार वर्षांची, उस्मानाबादी, काळीभोर आणि कपाळावर पांढरा टिपका. दसऱ्याच्या आधी व्यायली, दोन पाटी (मादी करडं) झाल्या. तेव्हापासून ती वाळतच चालली आहे.

खाणं मात्र तसूभर कमी नाही. शेवरीची फांदी टांगली की पहिली तीच येते. भरडा चाटूनपुसून संपवते. रवंथ करते, ताप नाही. पण पाठीवरून हात फिरवला की कणा फणीसारखा टोचतो. केस उभे राहिलेत, पूर्वीची चकाकी गेली. लेंड्या सुट्या पडत नाहीत, एकमेकींना चिकटून गोळा पडतो. कधी चार दिवस पातळ, मग आपोआप बऱ्या. गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते, सकाळी कमी असते.

जंताचं औषध तीनदा पाजून झालं. प्रत्येक वेळी "जंत असतील" एवढंच उत्तर मिळालं. कुणाच्या शेळीला असं झालं होतं का? नेमकं काय तपासून घ्यावं? तिला असं रोज थोडं थोडं कमी होताना बघवत नाही.

माणदेशी | १२ जानेवारी, रात्री १०.१५

ताई, जबड्याखाली पाणी उतरलं म्हणजे जंतच. आमच्याकडं पावसाळा सरता सरता दरसाल दहा-बारा शेरडांना होतंय. औषध बदलून बघा. एकच औषध सारखं पाजलं की जंत त्याला दाद देत नाहीत.

शेवंती_नाशिक | १२ जानेवारी, रात्री १०.३२

लेंडी तपासली का? तीनदा औषध झालं म्हणता, पण त्याआधी किंवा नंतर एकदाही तपासणी झाल्याचं लिहिलेलं नाही.

वाईकरीण | १२ जानेवारी, रात्री १०.५०

नाही हो. कुणी सांगितलंच नाही आणि मलाही सुचलं नाही.

पशुवैद्य_आजोबा | १३ जानेवारी, सकाळी ६.५५

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, त्यालाही बरीच वर्षं झाली. लांबण लावतोय, पण वाचा.

माणदेशी म्हणतात त्यात तथ्य आहे. पावसाळ्यानंतर शेळी खंगली की पहिला संशय चौथ्या पोटातल्या रक्तपित्या जंतावर जातो. त्याची मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. पण हा जंत रक्त पितो. म्हणून शेळी पांढरी पडते आणि हगवण बहुधा लागत नाही. तेव्हा ताई, आज उजेडात चंद्रीची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता बनवलेला आहे. लालभडक म्हणजे एक, कागदासारखी पांढरी म्हणजे पाच. सूज आहे आणि पापणी पांढरी असेल, तर रक्तपित्या जंत किंवा यकृतातला पर्णकृमी. सूज आहे पण पापणी चांगली गुलाबी असेल, तर रक्त जात नाहीये, प्रथिनं जाताहेत. आणि ती बहुतेक आतड्यातून जाताहेत. तिथून पुढचा रस्ता वेगळा.

लेंडी जमिनीवरची उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून आठ-दहा लेंड्या काढा. स्वच्छ झाकणाची बाटली घ्या, वर तारीख आणि शेळीचं नाव लिहा. बर्फाच्या पिशवीजवळ ठेवा, पण गोठवू नका. त्याच दिवशी पोचवा. उन्हात राहिलेल्या नमुन्यात अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात, मग मोजणीला अर्थ राहत नाही.

आणि हो, तोवर चौथ्यांदा औषध पाजू नका.

रोखठोक | १३ जानेवारी, सकाळी ९.२०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. इतका खर्च आणि धावपळ करण्यापेक्षा बाजारात देऊन टाका. त्या पैशात दोन चांगल्या पाटी येतील.

वाईकरीण | १३ जानेवारी, सकाळी ९.४१

चंद्री विकायची नाही. माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. त्यांचा उजवा हात हलायला लागला तो हिला पाला भरवता भरवता. आमच्या घरात हा विषयच नाही.

तलावकाठ | १३ जानेवारी, दुपारी १.०५

भंडाऱ्याहून लिहितोय. आमच्या इकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. आमची भुरी अशीच खंगत गेली होती, पण तिची हगवण पातळ आणि भयंकर वासाची. लेंडी तपासली, "काही नाही" असा कागद मिळाला. मी निर्धास्त झालो, आणि तिथंच चुकलो.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. नेहमीच्या तपासणीत लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवतात आणि वर तरंगून आलेली अंडी बघतात. पोटातल्या चपट्या कृमींची अंडी जड असतात, ती तळाला बसतात. त्यासाठी गाळ बघायची वेगळी पद्धत आहे, ती आपण मागून घ्यावी लागते. शिवाय या कृमींची लहान पिल्लं आतड्याच्या सुरुवातीला चिकटून त्रास देतात, तेव्हा ती अंडी घालण्याच्या वयाचीच नसतात. म्हणजे कागदावर काही नाही आणि आतडं तर सोललेलं.

गोगलगाईंमधून हे येतं. तलावाच्या काठची ओली गवतं बंद केली आणि चपट्या कृमींवरचं वेगळं औषध दिलं, भुरी दीड महिन्यात सावरली. ताई, तुमच्याकडे कालव्याचं किंवा ओढ्याचं पाणी पितात का?

वाईकरीण | १३ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

पापणी बघितली. गुलाबी आहे, आमच्या दुसऱ्या शेळीच्या, राखीच्या पापणीइतकीच. पाणी विहिरीचं, बादलीतून देतो. ओढा लांब आहे.

उद्या सकाळी नमुना काढणार. तिला दोन्ही पायांत धरून उभं करायला नवऱ्याला रजा घ्यायला लावली आहे.

बांधावरून | १३ जानेवारी, रात्री ८.१०

डाळिंबाची साल वाळवून, कुटून ताकातून पाजा. बेलफळाचा गरही चालतो. आमच्या आजीचा हाच इलाज, हगवण दोन दिवसांत बंद.

पशुवैद्य_आजोबा | १३ जानेवारी, रात्री ८.४५

बांधावरून, डाळिंबाच्या सालीनं लेंडी घट्ट होते हे मीही पाहिलंय. साध्या खाण्यातल्या बदलाच्या हगवणीला जरूर द्या. पण तीन महिने चाललेल्या दुखण्यात ती लक्षण झाकते आणि आपण महिनाभर थांबतो. तपासणीचा नमुना आधी, साल नंतर.

शेवंती_नाशिक | १३ जानेवारी, रात्री ९.१५

माझा अनुभव करडांचा आहे, तरी लिहिते. ताईंकडे दोन लहान पाटी आहेत म्हणून.

बाटलीवर वाढवलेलं माझं करडू, गोविंदा, दोन महिन्यांचं असताना हगायला लागलं. रक्त नव्हतं, फक्त तपकिरी, चिकट, शेपटीला लागलेलं. मला वाटलं दूध जास्त झालं. तपासणीत कॉक्सिडिया निघाले. हे जंत नव्हेत, एकपेशीय परजीवी आहेत, त्यामुळे जंताच्या औषधानं त्यांना काही होत नाही. आतड्याचं अस्तर ते पेशी पेशी करून फोडतात. औषधानं करडू वाचतं, पण अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि वाढ मागे पडते. गोविंदा आज दोन वर्षांचा आहे, उंचीनं भावाच्या खांद्याला लागतो.

एक सावधगिरी. अँप्रोलियम नावाचं औषध यावर देतात. ते ठरल्यापेक्षा जास्त दिवस चालू ठेवलं तर शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, करडू मान मागे टाकून फिरायला लागतं. दिवस मोजूनच द्या.

आणि गव्हाण जमिनीवर ठेवू नका. करडं त्यात उभी राहतात, तिथंच हगतात, तेच खातात. आम्ही गव्हाण भिंतीला छातीच्या उंचीवर ठोकली आणि पुढच्या वेताला हा त्रासच आला नाही.

धाराशिवकर | १३ जानेवारी, रात्री १०.०२

औषधाच्या मात्रेचंही बघा. आपण शेळीचं वजन डोळ्यानं ठरवतो आणि हमखास कमी धरतो. घरातल्या वजनकाट्यावर शेळी उचलून उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. मी पंचवीस किलोची म्हणायचो ती चौतीस भरली. म्हणजे इतकी वर्षं अर्धवट औषध पाजत होतो आणि जंतांना सवय लावत होतो.

शिवाय शेळीच्या यकृतात ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकाली निघतात. मेंढीची मात्रा शेळीला पुरत नाही. बाटलीवर मेंढीचं लिहिलेलं बघून पाजू नका, डॉक्टरांना शेळीची विचारा. गाभण असेल तर तेही आधी सांगा, पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल चालत नाही.

माणदेशी | १३ जानेवारी, रात्री १०.२०

चौतीस किलोची शेळी उचलून काट्यावर उभं राहिलात, तुमच्या कमरेचं काय झालं तेबी लिवा! पण मुद्दा पटला. उद्या आमच्याकडं जत्राच भरणार काट्यावर.

वाईकरीण | १७ जानेवारी, दुपारी ४.००

निकाल आला. तरंगवून आणि गाळ बघून, दोन्ही पद्धतींनी तपासलं. गोल कृमींची अंडी ग्रॅमला १५०. कॉक्सिडिया तुरळक. चपट्या कृमींची नाहीत. रक्तात हिमोग्लोबिन थोडंच कमी, पण अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) १.४, म्हणजे फारच खाली, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे जंत नव्हेतच ना?

पशुवैद्य_आजोबा | १७ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

१५० अंड्यांनी एवढी शेळी खंगत नाही. एवढी अंडी धडधाकट शेळीतही सापडतात.

आता मला जे वाटतं ते सांगतो. हे जोन्सचं दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला योने (त्याच्याच नावावरून हे जोन्स) आणि फ्रॉदिंगहॅम यांनी १८९५ साली एका गाईच्या आतड्यात ते पहिल्यांदा दाखवलं. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदातला एक जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतो. शरीर त्याच्याशी लढायला पेशींची फौज तिथं पाठवतं, आतड्याची भिंत जाड होत जाते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. भूक असते, म्हणून घरच्यांना उलगडत नाही. गाईला पिचकारीसारखी हगवण लागते. शेळीला बहुतेक वेळा तसं होत नाही, लेंडी नुसती मऊ होते आणि गोळा पडतो. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, तेच.

लागण करडू असताना होते. आईच्या सडाला लागलेली लेंडी, चीक, दूध, कधी गर्भातूनही. मग जंतू वर्ष-दोन वर्षं गप्प बसतो. वेत, प्रवास, खाण्याची आबाळ असा ताण आला की डोकं वर काढतो. चंद्री व्यायल्यावर खालावली, हे त्यात बसतं.

पण बसतं म्हणजे तेच आहे असं नव्हे. दात बघा, झिजलेल्या दाढांनीही शेळी खंगते. पोटात प्लास्टिक असू शकतं. आतल्या गाठींचा आजार असू शकतो. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथं घेऊन जा.

लॅबवाली | १७ जानेवारी, रात्री ९.१०

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तपासण्यांबद्दल थोडं, कारण इथं लोक एका कागदावर विश्वास टाकून फसतात.

एलायझा म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं बघायची. शेळी खंगायला लागली की ही तपासणी बरीच खरी ठरते. पण लागण झालेली आणि वरून ठणठणीत असलेली शेळी तिच्यातून सहज निसटते. म्हणून "निगेटिव्ह" याचा अर्थ "अजून दिसलं नाही" एवढाच घ्यायचा.

लेंडीची पीसीआर म्हणजे जंतूचाच अंश शोधायचा. काही दिवसांत निकाल मिळतो. मात्र जंतू लेंडीतून रोज सारखे पडत नाहीत, म्हणून एकदा नाही आला तर पुन्हा करायची.

लेंडीतून जंतू वाढवून बघणं सगळ्यांत खात्रीचं मानत आले आहेत. पण हा जंतू फार हळू वाढतो. दोन-तीन महिने, कधी जास्त. तोवर शेळी राहील की नाही असा प्रश्न.

चौथी, कमी खर्चाची पद्धत म्हणजे लेंडीचा किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तराचा लेप काचेवर घेऊन झील-नील्सन पद्धतीनं रंगवायचा. निळ्या पार्श्वभूमीवर लाल कांड्या दिसतात. एकटीदुकटी कांडी दिसली तर काही म्हणता येत नाही, कारण लेंडीत त्या जातीचे निरुपद्रवी जंतूही असतात. गठ्ठ्यानं दिसल्या तर मात्र संशय पक्का.

चंद्रीसाठी मी एलायझा आणि पीसीआर दोन्ही करा म्हणेन.

दूरदेशी | १८ जानेवारी, पहाटे ४.२५

विस्कॉन्सिनमधून. आमच्याकडे दोन बुटक्या जातीचे खच्ची बोकड आहेत, मुलीच्या हट्टानं आणलेले. एक बारीक व्हायला लागला आणि एलायझा पॉझिटिव्ह आली. मुलीला कसं सांगायचं या विचारात दोन रात्री झोप नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, कधी मानेवर, जबड्याशी पूं भरलेली गाठ येऊन फुटली होती का? आली होती. त्या गाठींच्या आजाराचा जंतू वेगळा असतो, पण त्याची प्रतिपिंडं या तपासणीला चकवतात. लेंडीची पीसीआर तीनदा केली, तिन्ही वेळा स्वच्छ. शेवटी छातीत गाठ सापडली.

लॅबवाली म्हणतात ते अगदी खरं. एका कागदावर थांबू नका. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

वाईकरीण | १८ जानेवारी, सकाळी ८.००

गाठ कधी आली नाही. दाढा बघितल्या, ठीक आहेत. मंगळवारी शिरवळला नेतोय. टेम्पोत तिच्याबरोबर मी मागे बसणार.

आजोबा, खरंच ते निघालं तर औषध आहे का?

पशुवैद्य_आजोबा | १८ जानेवारी, सकाळी ८.४०

बरं करणारं औषध नाही. क्षयावरची औषधं महिनोन्‌महिने दिली तर काही जनावरांची लक्षणं दबतात. जंतू जात नाही, थांबवलं की पुन्हा वर येतो. तोवर लेंडीतून बाहेर पडणंही पुरतं थांबत नाही. दुधा-मांसाच्या जनावरात तर हा विचारही करू नये. तुम्ही निदान पक्कं करून घ्या, मग पुढचं बोलू.

पण एक काम आजच करा, निकालाची वाट न बघता. दोन्ही पाटी आईपासून वेगळ्या करा. तीन महिन्यांच्या झाल्यात, दुधाशिवाय राहतील. सहा महिन्यांच्या आतलं करडू याला सगळ्यांत लवकर बळी पडतं. त्यांची गव्हाण, बादली, झाडू वेगळा. चंद्रीकडे जाऊन आलेली चप्पल त्यांच्या खोपटात नेऊ नका.

रोखठोक | १८ जानेवारी, सकाळी १०.१५

मी पुन्हा तेच म्हणेन. दिसायला अजून बरी आहे तोवर विका. दोन महिन्यांनी कुणी उभंही करणार नाही.

धाराशिवकर | १८ जानेवारी, सकाळी ११.५०

रोखठोक, मी हेच केलं होतं. म्हणून तुम्हाला उत्तर द्यायचा मला हक्क आहे.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक शेळी आठवडी बाजारात दिली. ज्या माणसानं घेतली तो शेजारच्याच गावचा. घरात दुसरं जनावर नव्हतं, बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढून घेतलेली. माझी शेळी चार महिन्यांत गेली. तिच्या खाली वाढलेली दोन करडं पुढे दीड-दोन वर्षांत तशीच वाळली. तो माणूस मला आजही रस्त्यात रामराम करतो, कारण त्याला हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी मागच्या वर्षी त्याला एक गाभण शेळी नेऊन दिली, काही कारण न सांगता. तरी ते फिटलं असं वाटत नाही.

आजारी शेळी विकणं म्हणजे आजार विकणं. कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका.

रोखठोक | १८ जानेवारी, दुपारी १२.३०

धाराशिवकर, हे मला माहीत नव्हतं. हा आजार असा पसरतो हेही आजच कळलं. माझा सल्ला मागे घेतो.

माणदेशी | १८ जानेवारी, दुपारी १.१०

माझ्याकडं बावीस शेरडं. एकीत निघालं तर बाकीच्यांचं काय समजायचं?

लॅबवाली | १८ जानेवारी, दुपारी २.४५

माणदेशी, एक खंगलेली दिसली तर कळपात लागण झालेल्या आणखी काही असणार असं धरूनच चालायचं. मोठ्यांची तपासणी ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा करायची, सापडेल ती वेगळी. नवी शेळी विकत घेताना "हगवण आहे का" एवढंच विचारू नका, "आई कशानं गेली" हेही विचारा.

लस आहे. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, १९७९ पासूनची. तिथं आपल्याच देशात सापडलेल्या जंतूच्या प्रकारापासून लस तयार केली आहे. तिच्यामुळे खंगणं आणि जंतू बाहेर पडणं कमी होतं, लागण पुसली जात नाही. लस दिल्यावर प्रतिपिंडांची तपासणी आणि क्षयाची कातडीवरची चाचणी दोन्हींचा घोळ होतो, म्हणून आधी तपासणी आणि मग लस. तुमच्यासारख्या कळपासाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलण्यासारखं आहे.

बांधावरून | १८ जानेवारी, दुपारी ३.३०

माणसांना होतं का हे? आम्ही शेळीचं दूध लहान मुलांना देतो.

लॅबवाली | १८ जानेवारी, दुपारी ४.०५

माणसाच्या आतड्याच्या क्रोन नावाच्या आजाराशी याचा संबंध असावा का, यावर बरीच वर्षं वाद आहे. तो संबंध सिद्ध झालेला नाही. हा जंतू उष्णतेला चिवट आहे. दूध चांगलं खळखळून उकळा, आणि संशय असलेल्या शेळीचं मुलांना अजिबात देऊ नका. कच्चं दूध तर एरवीही नको.

वाईकरीण | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

उशिरा लिहितेय, क्षमा असावी.

एलायझा पॉझिटिव्ह. पीसीआरसुद्धा. लेपात लाल कांड्या गठ्ठ्यानं दिसल्या. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. निळ्यावर लाल, कुंकू सांडल्यासारख्या. इतकं सुंदर दिसावं आणि ते हे असावं.

राखी आणि तिसरं शेरडू बंड्या, दोघांचे निकाल सध्या निगेटिव्ह. चंद्रीच्या पाटी जाई-जुई परसात वेगळ्या आहेत. पहिले तीन दिवस रात्रभर ओरडल्या. चंद्री इकडून उत्तर द्यायची.

मी काय करू? ती अजून खाते. मला बघून उठते.

पशुवैद्य_आजोबा | १० फेब्रुवारी, सकाळी ६.३०

बाळ, जोवर ती स्वतः उठते, खाते, रवंथ करते, तोवर तिला तिच्या वेगळ्या जागी सुखानं राहू दे. थोडं थोडं, पचायला हलकं, प्रथिनांचं खाणं दे. शेवगा, हादगा, भिजवलेली पेंड. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ. थंडीत खाली कोरडं तणस, तिच्या अंगावर आता चरबी नाही, गारठा हाडाला लागतो. उठायचं थांबली किंवा खाणं सोडलं, तर ओढत नेऊ नको. डॉक्टरांना बोलावून शांतपणे निरोप दे. तो दिवस तुला कळेल.

शेवंती_नाशिक | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

ताई, रोज आठवण काढते चंद्रीची. सासूबाईंना सांगितलंत का?

वाईकरीण | १० फेब्रुवारी, सकाळी ९.००

सांगितलं. त्या म्हणाल्या, मला तिच्याजवळ खुर्ची टाकून दे. आता दुपारची तिथंच बसतात. आल्यावर हातपाय साबणानं धुतो.

वाईकरीण | ६ मार्च, रात्री ८.५०

चंद्री आज सकाळी गेली. काल संध्याकाळी पाला तोंडात घेतला आणि चावलाच नाही, तेव्हाच डॉक्टरांना फोन केला. ते आले, सासूबाईंचा हात तिच्या मानेवर होता.

शवविच्छेदन करून घेतलं. मला बघायचं होतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग बोटांनी चाचपला तर जाड, नरम, भिजलेल्या घोंगडीच्या काठासारखा. वरून पांढऱ्या दोऱ्यांसारख्या लसिकावाहिन्या फुगलेल्या. आतड्यालगतच्या लसिकागाठी सुपारीएवढ्या असतात म्हणे, त्या लिंबाएवढ्या झालेल्या. पोटात कालचा सगळा पाला होता. एवढं खाऊन ती उपाशी होती.

धाराशिवकर | ६ मार्च, रात्री ९.१०

ताई, तुम्ही तिला शेवटपर्यंत घरात ठेवलंत. याहून जास्त कुणी करू शकत नाही.

माणदेशी | ६ मार्च, रात्री ९.३०

डोळं भरून आलं. आमच्या बावीसपैकी एक निघाली. वेगळी केलीय. हा धागा नसता तर येत्या सोमवारच्या बाजारात ती गेलीच असती.

तलावकाठ | ७ मार्च, सकाळी ८.२०

ताई, आता तिच्या जागेचं काय करताय? तिथं लगेच दुसरी शेळी बांधू नका. हा जंतू सावलीच्या, ओल्या जागी वर्षभरसुद्धा टिकतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

वाईकरीण | ७ मार्च, दुपारी १२.४०

हो, आजोबांना फोनवर विचारलं. वरची वीतभर माती खरवडून काढली, खोल खड्ड्यात चुन्यासह पुरली. खोपटाचं छप्पर उतरवलंय, यंदाचं सगळं ऊन तिथं पडू देणार. तिचं लेंडीखत चाऱ्याच्या वाफ्यात टाकलेलं नाही, आंब्यांच्या बुंध्याला घातलं, तिकडे शेरडं जात नाहीत.

आता एक प्रश्न राखीचा. ती नुकतीच फळवली आहे, गाभण राहिली असेल तर जुलैअखेर व्यायला हवी. दोन तपासण्या निगेटिव्ह आहेत, पण ती चंद्रीबरोबर दोन वर्षं एका दावणीला होती. करडू तिच्याजवळ ठेवू की नको?

पशुवैद्य_आजोबा | ७ मार्च, संध्याकाळी ६.१०

व्यायच्या महिनाभर आधी तिसरी तपासणी कर. व्यायची जागा नवी, कोरडी, धुतलेली फरशी. कास आणि मागचे पाय कोमट पाण्यानं धुऊन पुसून ठेव. करडू पडल्याबरोबर स्वच्छ गोणपाटावर घे. चीक पिळून बाटलीनं पाज, पहिल्या दोन तासांच्या आत. सडाला लावू नको. तिसरी तपासणी चांगली आली तर राखीचाच चीक चालेल. शंका आली तर मला कळव, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं तपासलेल्या शेळ्या आहेत अशा एका घरून आणून देतो.

जाई-जुईंची तपासणी आता करून उपयोग नाही. दीड वर्षाच्या झाल्या की पहिली.

वाईकरीण | २ ऑगस्ट, पहाटे ५.१५

जूनची तपासणी निगेटिव्ह आली होती. राखी आत्ता साडेतीनला व्यायली. एकच बोकड, पांढरा, कानाला काळी कड. गोणपाटावर घेतला, चीक पाजून झाला. सासूबाईंनी बाटली धरली होती, उजव्या हातानं.

आजोबा, पुढचा चीक किती तासांनी?

पशुवैद्य_आजोबा | २ ऑगस्ट, पहाटे ५.३२

तीन-चार तासांनी. पहिल्या दिवशी थोडा थोडा, पाच-सहा वेळा. बाटली दर वेळी उकळून घे.